बॅकस्विंगमधली उचकी

निवृत्ती गराडेला माणसं ओळखता येत नसत. दोनदा त्याने ओळखीच्या माणसाकडून जुनी मोटरसायकल घेतली आणि दोन्ही वेळा ती ढकलत घरी आणली. पण गोल्फचा स्विंग ओळखण्यात तळेगावपासून पुण्यापर्यंत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. खेळणारा दोनशे मीटरवर पाठमोरा उभा असो, डोक्यावर टोपी असो, त्याने स्टिक वर नेली की निवृत्ती नाव सांगायचा. गेल्या आठवड्यात त्या माणसाची कंबर धरली होती, हेही बहुतेक वेळा सांगायचा.

म्हणून त्या मंगळवारी सकाळी सरावाच्या पट्ट्यावर केतकीने, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मुलीने, सात नंबरची स्टिक वर नेली आणि हा स्विंग कोणाचा हे त्याला कळेना, तेव्हा तो दचकला. केतकीचा नव्हता, एवढं मात्र नक्की.

केतकीचा स्विंग त्याला तोंडपाठ होता. ती बारा वर्षांची असल्यापासून तो तिच्या मागे उभा होता. तिचं सगळं चांगलं होतं, पाय चांगले, कंबर चांगली, डोकं जागच्या जागी. फक्त बॅकस्विंगच्या शेवटी, हात खांद्याच्या वर गेले की, तिची स्टिक उजवीकडे कलंडायची. डोक्यामागची स्टिक जिथे बॉल पाठवायचा त्या दिशेला रोखलेली असली पाहिजे, ती बाभळींकडे रोखलेली असायची. मग बॉलही बाभळींचीच वाट धरायचा. निवृत्तीने तीन वर्षं त्यावर मेहनत घेतली होती. तो मागे उभा राहून बांबूची कामटी हवेत धरायचा, स्टिक बरोबर जागी आली तर ती कामटीला टेकायची. कामटी धरली की टेकायची, काढली की पुन्हा कलंडायची. केतकी बावीस वर्षांची झाली आणि राज्याच्या संघाची निवड दीड महिन्यावर आली, तरी हे असंच चाललं होतं.

आणि आज स्टिक सरळ झेंड्याकडे रोखलेली. शिवाय आणखी एक गोष्ट. अगदी वर पोचल्यावर तिचं डावं मनगट अंगठाभर खाली बसलं, बारीकशी उचकी लागावी तसं, आणि मग स्टिक खाली आली. बॉल झेंड्यापासून चार पावलांवर पडला. तिने दुसरा मारला. पुन्हा तीच उचकी, पुन्हा बॉल तिथेच.

"बाही घातलीस का?" निवृत्तीने विचारलं.

केतकीने शर्टाचे हात कोपराच्या वर सरकवून दाखवले. दोन्ही हात उघडे होते. "आठ दिवस झाले काढून ठेवलीय," ती म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली, त्याने काहीतरी बोलावं अशी. निवृत्तीने खाली वाकून उगाचच एक बॉल उचलला.

बाहीबद्दल थोडं सांगायला हवं. ती डॉ. वैजयंती पाळंदे यांनी बनवली होती. मैदानाला लागूनच त्यांची प्रयोगशाळा होती. केतकी बाहीचा सराव तिथेच आत करायची; गेले तीन आठवडे ती पट्ट्यावर आलीच नव्हती, म्हणून निवृत्तीने तिचा स्विंग मध्ये पाहिला नव्हता. बाही दिसायला अगदी साधी, क्रिकेटवाले ऊन लागू नये म्हणून घालतात तशी, पण आतल्या बाजूला केसाएवढ्या तारांचं जाळं. गोल्फमध्ये स्टिक वर न्यायला पाऊण सेकंद लागतो आणि खाली यायला जेमतेम पाव. हातात काय चाललंय याची खबर मेंदूला पोचून तिथून हुकूम परत येईपर्यंत तो पाव सेकंद संपत आलेला असतो, म्हणजे खाली येताना चूक सुधारायला सवडच नाही. जे काय ठरायचं ते वरच ठरतं. आणि वर तर स्टिक डोक्यामागे असते. ती सरळ आहे असं खेळणाऱ्याला मनापासून वाटतं, तेव्हाही ती कलंडलेली असू शकते.

स्नायू हलायच्या आधी, सेकंदाच्या काही शतांश भागाइतकी आधी, त्याच्यात विजेची एक लहर उठते. बाही ती लहर वाचायची, स्टिक कुठे जाणार याचा अंदाज करायची आणि नेमक्या स्नायूला चिमूटभर विजेचा धक्का देऊन हात जागेवर आणायची. असली यंत्रं पूर्वीही होती. पण आपला हात कोणी ओढतंय हे त्यांत माणसाला कळायचं, आणि यंत्र काढलं की हात पहिल्यासारखा. पाळंदेबाईंनी वेळ साधली होती. माणसाच्या स्वतःच्या इच्छेच्या पाठोपाठ, तिला चिकटूनच धक्का आला, तर मेंदूला तो परका वाटत नाही. हे मीच केलं असं मेंदू धरून चालतो. असं काही हजार वेळा झालं की बाही काढली तरी हात तेच करतो. बाहीमुळे दातांच्या डॉक्टरांचे हात स्थिर झाले, तबला शिकणाऱ्यांची बोटं सुटली, आणि हे श्रेय यंत्राचं असं त्यांच्यापैकी एकालाही आतून वाटत नव्हतं.

अर्थात, जिथे यंत्र आलं तिथे लबाडीही आली. कातडीखाली बसवायच्या पातळ पट्ट्या निघाल्या. कुठल्याशा देशात एक नेमबाज पकडला गेला, मग एक धनुर्धर. म्हणून गोल्फच्या संघटनेने नियम केला की सरावात बाही चालेल, स्पर्धेत अंगावर किंवा अंगात काहीही चालणार नाही, आणि खेळाडूचा फटका त्याच्या स्वतःच्या हाताचा आहे असं प्रशिक्षकाने सही करून लिहून द्यायचं. केतकीचा प्रशिक्षक निवृत्तीच होता. तो फॉर्म आठवडाभर त्याच्या खिशात घडी करून पडला होता.

त्या दिवसापासून निवृत्ती मुलीच्या हातांवर नजर ठेवू लागला. ती कांदा चिरताना, केस बांधताना, फोन धरताना तो बघायचा. हे काम त्याला शोभत नव्हतं आणि नीट जमतही नव्हतं. बायको सुवर्णाने दोनदा विचारलं, "अहो, तिच्या ताटात काय बघताय? तुमच्याही ताटात तेच वाढलंय."

चौथ्या दिवशी दुपारी जेवताना त्याला केतकीच्या डाव्या कोपराखाली एक लाल बारीक रेघ दिसली.

"हे काय झालं?"

"करवंदीचा काटा. सातव्या होलपाशी बॉल आत गेला होता."

सातव्या होलपाशी करवंदी होत्या, आणि बॉल त्यांच्यात जातात हे निवृत्तीएवढं कोणाला माहीत असणार. तरी त्याने ताट बाजूला सारलं. पट्टी घालायला एवढीच चीर लागते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

ती अंघोळीला गेली तसा तो उठला आणि तिची बॅग उघडून बसला. मोजे, बॉल ठेवायच्या लाकडी टी, चुरगळलेली हातमोज्यांची जोडी, अर्धा चिक्कीचा तुकडा. आतल्या कप्प्यात हात घातलेला असतानाच ती ओले केस घेऊन दारात उभी राहिली.

"काय शोधताय, अण्णा?"

"काही नाही. बॉल बघत होतो."

"बॉल बाहेरच्या कप्प्यात असतात. तुम्हीच लावता."

निवृत्तीने हात बाहेर काढला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने सरळच विचारलं. "केतकी, खरं सांग. हा हात कोणाचाय?"

तिचा चेहरा रागावेल असं त्याला वाटलं होतं. तो रागावला नाही, उलट क्षणभर उजळल्यासारखा झाला. "तुम्ही सांगा," ती म्हणाली.

"मला कळलं असतं तर विचारलं असतं का? तीस वर्षं स्विंग बघतोय मी. असली उचकी कोणाच्यात पाहिली न्हाई. हा तुझा न्हाई, मी शिकवलेला न्हाई. मंग आला कुठनं?"

"खरंच नाही कळत तुम्हाला?"

"न्हाई."

तिने बॅगेची चेन लावली आणि केस पुसत आत गेली. निवृत्तीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. ज्याच्यापाशी उत्तर असतं तो देतो, असं त्याचं गणित होतं. आपल्या पोरीने आपल्याला फसवावं, आणि तेही ज्या एका गोष्टीत आपण फसत नाही तिच्यात, याचं त्याला भयंकर वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो निवड समितीच्या सचिवांकडे गेला. फॉर्मवर सही केली नाही. सहीच्या जागी लिहून दिलं, 'हा फटका खेळाडूचा स्वतःचा आहे असे मला वाटत नाही. तपासणी व्हावी.' सचिवांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "गराडे, ही तुमची मुलगी ना?" "म्हणूनच," निवृत्ती म्हणाला. त्या क्षणी त्याला आपण फार सरळ माणूस आहोत असं वाटलं, ही गोष्ट नंतर त्याला फार छळणार होती.

केतकीने तपासणीला नाही म्हटलं नाही. पुण्याला जाऊन दोन्ही हातांची, खांद्यांची, मानेची एक्स-रे छायाचित्रं काढून आली. कुठेही काही सापडलं नाही. कोपराखाली फाटलेली कातडी जुळल्याची एक खूण होती, ती काट्याचीच असावी असं डॉक्टरांनी लिहिलं.

माणसाचं मन इथे थांबायला हवं होतं. पण संशयाला एकदा बसायला जागा दिली की तो उठत नाही. निवृत्तीला वाटलं, एक्स-रेमध्येही न दिसणारी पट्टी निघाली असेल. पाळंदेबाईंनीच काहीतरी नवं बनवलं असेल, आणि आपल्या पोरीवर करून बघत असतील. तपासणीवाला त्यांच्या ओळखीचा असेल. आता सुवर्णाही त्याच्याशी बोलेनाशी झाली होती, तर तिलाही हे माहीत असेल. तो रोज सरावाच्या पट्ट्यावर जायचा, पण केतकीच्या मागे उभा न राहता झाडाखाली उभा राहायचा. तिथून ती उचकी बघायचा, आणि रोज त्याला ती जास्त परकी वाटायची.

सोमवारी मैदान सभासदांना बंद असतं. कॅडी लोकांचा तो दिवस, आठवडाभर दुसऱ्यांच्या बॅगा वाहणारे त्या दिवशी स्वतः खेळतात. निवृत्ती प्रशिक्षक झाला तरी सोमवार त्याने सोडला नव्हता. या सोमवारच्या खेळाचा एकच कडक नियम होता, कोण जाणे कधीपासूनचा. कोणी कोणाच्या मागे उभं राहायचं नाही आणि कोणी कोणाच्या स्विंगबद्दल बोलायचं नाही. सहा दिवस साहेबांच्या मागे उभं राहून साहेबांच्याच चुका मोजायच्या, सातव्या दिवशी तरी कोणी आपल्या मोजू नयेत, एवढाच त्यामागचा विचार. एकजण खेळला की बाकीचे आकाशाकडे बघत.

त्या सोमवारी त्याच्याबरोबर बबन दाभाडे होता. दोघांनी एकाच वर्षी बॅगा उचलायला सुरुवात केली होती. गावभर झालेली गोष्ट बबनच्याही कानावर आली होती. चौथ्या होलवर तो बॅग खाली ठेवून बसलाच.

"निवरत्या, पोरीचं काय घेऊन बसलायस?"

"तू बघितलंस का तिला मारताना?"

"काल बघितलं."

"मंग? ती वरची उचकी? कोणाची हाय ती?"

हा चेष्टा करतोय का हे आधी ठरवायला हवं, अशा नजरेने बबनने त्याच्याकडे बघितलं. "आरं, तुझीच की," तो म्हणाला.

निवृत्ती हसला.

"हसतोस काय? तीस वर्षं बघतोय म्या. सोमवारचा नेम मोडला, काय करणार, डोळे हायेत. तू ज्यांची बॅग वाहायचास त्या मोहितेसाहेबांनी तुला ती तुटकी स्टिक दिलेली, नळाचा पाइप घातलेली, आठवतीय? पाच किलोचं धूड. वर नेली की तुला पेलायची न्हाई, मनगट खाली बसवून तू ती सावरायचास. स्टिक बदलली, मनगट न्हाई बदललं. अजून बसतंय. आत्ता मारलास तेव्हाबी बसलं."

निवृत्तीने हातातल्या स्टिककडे पाहिलं. आयुष्यभरात त्याने लाखभर स्विंग पाहिले असतील. स्वतःचा एकही पाहिला नव्हता. त्याच्या उमेदीच्या काळात कॅडीचं चित्रण कोणी करत नव्हतं, पुढे प्रशिक्षक झाल्यावर तोच दुसऱ्यांचं करत राहिला. आणि सोमवारी सगळे आकाशाकडे बघत होते.

तिथून तो तडक पाळंदेबाईंच्या प्रयोगशाळेत गेला. बाई चहा पीत होत्या. त्याने काही विचारायच्या आधीच त्यांनी खुर्ची पुढे केली.

"तुमची वाटच बघत होते," त्या म्हणाल्या. "बाहीला नमुना लागतो, गराडे. हात कुठे न्यायचा हे तिला कोणीतरी दाखवावं लागतं. आम्ही पहिल्या वर्षी या भागातल्या सगळ्या प्रशिक्षकांचे स्विंग नोंदवले. तुम्ही तीन सकाळी आला होतात, आठवतं? आम्ही नुसतं यंत्र चालतं का ते बघतोय, असं तुम्ही समजलात. केतकीपुढे आम्ही चौदा नमुने ठेवले. त्यांत परदेशातले विजेते होते."

"मंग?"

"तिने बघितलेसुद्धा नाहीत. म्हणाली, अण्णांचा घाला."

"तिनं मला सांगितलं का न्हाई? तुम्ही का न्हाई सांगितलं?"

"मी सांगणारच होते, तपासणीचं कळल्यावर. तिने हात जोडले. म्हणाली, ते लाखांत एक स्विंग ओळखतात, हा ओळखणार नाहीत का. एवढं त्यांचं त्यांना ओळखू द्या."

निवृत्तीला चहा दिला गेला. तो प्यायला की नाही हे त्याला नंतर आठवलं नाही. घरी आला तेव्हा केतकी ओट्यावर बसून स्टिकची मूठ पुसत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. माफी मागायची त्याला सवय नव्हती.

"ओळखलं," तो म्हणाला.

"बबनकाकांनी सांगितलं ना?"

"चुकलं माझं, पोरी," तो म्हणाला. "फॉर्मवर आत्ताच्या आत्ता सही करून येतो. तुझ्या मागं उभा राहतो. तू म्हणशील ते करतो."

"सही करा," केतकी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच निवृत्तीला ऐकवत नव्हतं. "पण आता ते राहिलं नाही, अण्णा. आधी हात वर जायचा आणि खाली यायचा. तो माझाच होता, मला कधी प्रश्नच पडला नाही. तुम्ही त्या दिवशी विचारलंत, हा हात कोणाचाय. तेव्हापासून वर गेल्यावर मी तेच बघते. तुमचा आहे, का बाहीचा, का माझा. तेवढ्यात वेळ निघून जातो."

"जाईल ते. थोडे दिवस जाऊदेत."

"निवड बारा दिवसांवर आहे."

सही झाली, समितीने केतकीला खेळायला परवानगी दिली. बारा दिवस निवृत्ती तिच्यामागे उभा राहिला आणि त्याने तोंडातून शब्द काढला नाही. काही बोलावं तर ती हातांकडे बघेल, न बोलावं तर हा का बोलत नाही म्हणून बघेल. जी स्टिक झेंड्याकडे रोखलेली असायची ती वर जाऊन थबकू लागली. ती उचकी नव्हती. उचकी लागते आणि जाते. इथे हात वर थांबून काहीतरी विचारत असल्यासारखा राहायचा, मग घाईने खाली यायचा.

निवडीच्या दिवशी केतकीने स्वतःची बॅग स्वतःच घेतली. निवृत्ती दोरीच्या पलीकडे, प्रेक्षकांत उभा होता. पहिल्याच फटक्याला तिचा हात वर थबकला. बॉल बाभळींत गेला. तिसऱ्या होलवर पाण्यात. नवव्या होलपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं. आजूबाजूचे लोक म्हणत होते, पोरगी दडपणाखाली आली. त्या थांब्यात ती काय विचारतेय, हे निवृत्तीला माहीत होतं, कारण तो प्रश्न त्याचा होता. दुपारी दोनला यादी लागली. केतकीचं नाव त्यात नव्हतं.

ती रडली नाही. मातीने माखलेली स्टिक पुसून तिने बॅगेत ठेवली, मग पुन्हा बाहेर काढली. सरावाच्या पट्ट्यावर आता कोणी नव्हतं. ऊन उतरायला लागलं होतं. ती दोरी ओलांडून निवृत्तीकडे आली आणि सात नंबरची स्टिक त्याच्यापुढे धरली.

"एकदा मारून दाखवा, अण्णा. ती उचकी मी पाळंदेबाईंकडच्या चित्रणात बघितलीय, अंगात घेतलीय. पण तुम्ही कायम माझ्या मागे, तुम्ही मारताना, समोर, कधीच बघितलेली नाही. एवढी एकदा बघू द्या. मग मी पुढच्या वर्षासाठी पुन्हा सुरू करते."

एवढंच मागितलं होतं तिने. निवृत्तीला त्या क्षणी तिच्यासाठी काय वाटेल ते करायचं होतं, आणि हे तर त्याला झोपेतही जमणारं काम होतं. त्याने बॉल गवतावर ठेवला. पाय रोवले. तो जिथे इतकी वर्षं तिच्यासाठी उभा राहिला होता, तिथे ती त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

त्याने स्टिक वर नेली. खांद्याच्या वर, डोक्यामागे, अगदी वर. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आपल्या डाव्या मनगटाकडे लक्ष दिलं. आता ते बसेल. आता बसेल. ते कसं बसतं? आधी अंगठा, का आधी तळहात? ते बसवायचं तरी कोणी, त्याने का मनगटाने?

"मारा ना, अण्णा," मागून केतकी म्हणाली.

निवृत्तीचा हात वरच राहिला होता, आणि तो खाली कसा आणतात हे त्याला आठवत नव्हतं.